पडवीचे पत्रे उतरवताना

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानं दापोली तालुक्यातल्या आमच्या घराची मंगलोरी कौलं उडवली आणि पडवीवरचे सिमेंटचे पत्रे फोडले. कौलं जमतील तशी परत चढली. पत्र्यांचं लांबत गेलं. त्या पावसात सगळ्या तालुक्याला एकदमच पत्रे हवे होते आणि ते मिळत नव्हते, म्हणून भोकांवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर चिरे आले आणि तात्पुरती सोय पुढची काही वर्षं तशीच राहिली. फुटलेले तुकडेही कुणी टाकून दिले नाहीत. पाखाडीतले, म्हणजे दगडी वाटेतले खड्डे, कोंबड्यांचं खुराडं, पोफळीच्या आळ्याची कड, जिथे काही सपाट आणि टणक लागतं तिथे ते जाऊन बसले.

पुढे एका दिवाळीनंतर घर एकदाचं नीट करायचं ठरलं. पडवीचं छप्पर, न्हाणीघर, आणि दारंखिडक्यांचा रंग. नणंदेचा मुलगा तेव्हा नुकता रांगायला लागला होता आणि मे महिना आजोळीच काढणार होता. मी ठाण्याजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करते. ॲस्बेस्टॉस आणि शिसं हे दोन्ही शब्द माझ्या रोजच्या कागदांत असतात. कारखान्यात या दोन्हींसाठी मास्क आहेत, मोजमाप आहे, वैद्यकीय तपासणी आहे. घराचं काम काढलं की यातलं काही नसतं. गवंडी येतो, ग्राइंडर लावतो, पांढरा धुरळा उठतो, घरातली बाई केरसुणी घेऊन तो झाडते आणि संध्याकाळी सगळे त्याच पडवीत चहा पितात. हे चित्र आमच्या घरी होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात सिमेंटला धरून ठेवायला ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके. पत्रा धड आहे तोवर हे तंतू सिमेंटात जखडलेले असतात आणि त्या छपराखाली झोपणाऱ्याला त्यांच्यापासून फारसं भय नसतं. पत्रा फुटला, कापला, घासला, त्याला ड्रिलनं भोक पाडलं, की तंतू सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, शिंक येत नाही. वारा नसला तरी हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासातून फुप्फुसात खोल जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुसं कडक होणं, फुप्फुसाचा कर्करोग, आणि मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, हे त्यातून होणारे आजार उमटायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्याच्या खाणी थांबल्या, पण रशिया, ब्राझील, कझाकस्तान इथून माल येतो आणि पत्रे राजरोस विकले जातात.

पत्रा तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचा का, हा पहिला प्रश्न घरात निघाला. मी नको म्हटलं. करड्या रंगाचा, नागमोडी, जुना सिमेंट पत्रा हा ॲस्बेस्टॉसचाच, असं धरून चालावं. काही पत्र्यांवर ‘आयएस ४५९’ हा छापही असतो. ते ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचंच भारतीय मानक आहे. तपासणीचे पैसे मी रंगासाठी राखून ठेवले, कारण रंगाचं तसं नुसतं बघून सांगता येत नाही. न्हाणीघराच्या मागचा पावसाच्या पाण्याचा करडा पाईपही त्याच जातीचा निघाला. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये हेच पाईप असतात. प्लंबर त्यांना ‘एसी पाईप’, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाईप, म्हणतात आणि गळती लागली की सरळ कटर चालवतात. डक्टला ज्यांची स्वयंपाकघराची खिडकी आहे त्यांनी त्या दिवशी ती घट्ट लावून घ्यावी, आणि त्याआधी सोसायटीत भांडून कटर बंद करावा.

आता माणसांचं. आमच्या वाडीत छपराची कामं दत्तारामदादा करतात. हात चांगला, शब्दाचे पक्के. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, “वैनी, पंचवीस वर्षं पत्र्यावर कटर मारतोय. काय झालंय का मला?”

या प्रश्नाला घाईघाईनं उत्तर देऊ नये असं मला वाटतं. त्यात थोडा राग असतो, आणि तो रास्त असतो. ज्या माणसानं आयुष्यभर ते काम केलं त्याला आपण अचानक सांगतोय की ते विष होतं. मी त्यांना १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवायच्या, असं त्यात म्हटलं आहे. चाळीस वर्षं नोंद ठेवायला लावतात, कारण आजार तेवढा वेळ गप्प बसू शकतो. कारखान्यातल्या कामगाराची अशी नोंद तरी आहे. छपरावरच्या माणसाची कुठेच नाही. दादा काही बोलले नाहीत. मग मी त्यांच्या पुतण्याचं नाव काढलं. तो बावीस वर्षांचा, त्यांच्याच हाताखाली शिकणारा. “त्याच्या चाळीस वर्षांचं काय?” त्यावर दादा म्हणाले, “बरं. सांगा कसं करायचं ते.”

मी सगळ्यात आधी काम उक्तं द्यायचं नाही असं ठरवलं. उक्त्या कामात माणूस लवकर संपवायच्या मागे असतो, आणि धूळ घाईतूनच उडते. पत्रा अख्खा उतरवायला वेळ लागतो, हातोडा मारून पाडायला काही मिनिटं पुरतात. म्हणून रोजंदारी, सकाळचंच काम, आणि अर्ध्या दिवसाच्या कामाला पूर्ण दिवसाचा रोज. खर्च वाढला. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते सुरुवातीला पटलं नाही. पण मास्क, प्लॅस्टिक आणि फवारणी यांहून या एका गोष्टीनं जास्त सुरक्षितता आणली असं मी आज खात्रीनं सांगते.

दुसरं, काय काढायचं आणि काय राहू द्यायचं. मांगरावरचे, म्हणजे सामानाच्या खोपीवरचे, पत्रे वादळात वाचले होते. कड ठिसूळ नव्हती, तडे नव्हते, वर फक्त शेवाळ होतं. ते मी काढू दिले नाहीत. धड पत्रा उगाच हलवला की नसलेला धोका तयार होतो. त्यावर कुणी चढायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, शेवाळ तारेच्या ब्रशनं किंवा प्रेशरच्या पाण्यानं काढायचं नाही, एवढं पाळलं तर ते तिथेच बरे. काढायचे ते पडवीवरचे आणि न्हाणीघरावरचे, कारण ते आधीच फुटलेले होते आणि प्रत्येक पावसात झिजत होते. झिजलेल्या पत्र्यावरून तंतू पाण्याबरोबर पन्हळीत उतरतात. पन्हळीतला तो काळा चिखल आमच्याकडे दरवर्षी मृगाच्या आधी काढून अळवाला घातला जायचा.

सामानाची जमवाजमव दापोलीच्या बाजारातच बरीचशी झाली. अंगभर झाकणारे पांढरे डगले कोविडनंतर औषधांच्या दुकानात पडून होते, ते स्वस्तात मिळाले. मास्क मात्र ठाण्याहून नेले. कापडी रुमाल किंवा सर्जिकल मास्क या कामाला अगदी निरुपयोगी, आणि एन-९५ सुद्धा ॲस्बेस्टॉसला पुरेसा मानत नाहीत. रबरी अर्धमुखी मास्क आणि त्याला पी-१०० जातीचे फिल्टर, असं आम्ही घेतलं. एकदाच वापरायचे एफएफपी-३ मास्कही चालतात. मास्क कोणताही असो, तो गालाला चिकटून बसला पाहिजे. दाढीवर तो बसत नाही, म्हणून पुतण्याला दाढी काढायला सांगावी लागली. त्याला ती बरीच प्रिय होती, पण त्यानं काढली.

पाण्याच्या फवाऱ्यासाठी आंब्यावर फवारणीला वापरतात तो पाठीवरचा पंप वापरला. नवाच आणला, जुन्यात कीटकनाशकाचा अंश राहतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकले की पाणी पत्र्यावरून नुसतं ओघळून न जाता आत मुरतं. शिवाय जाड प्लॅस्टिकचा रोल, चिकटपट्टी, आणि पत्रे धरून ठेवणारे वाकडे जे-बोल्ट कापायला लांब दांड्याचा बोल्ट कटर. ग्राइंडर मी दादांना घरीच ठेवून यायला सांगितलं होतं. समोर असला की हात जातोच.

किनाऱ्याजवळच्या गावांत ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो. सकाळी मात्र हवा पडलेली असते. म्हणून उजाडताच काम सुरू आणि वारा हलू लागला की बंद. आदल्या संध्याकाळी विहिरीवर ताडपत्री बांधली, घराच्या त्या बाजूच्या खिडक्या आतून प्लॅस्टिकनं बंद केल्या, पडवीतलं सामान हलवलं आणि जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं. आई (माझ्या सासूबाई), आप्पा आणि कुत्रा असे तिघे भाऊकाकांकडे.

या कामात पत्र्यावर पाय द्यायचा नसतो. ॲस्बेस्टॉसइतकंच मोठं भय पडण्याचं आहे. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन घेईलसा दिसतो आणि एका क्षणात खचतो. ओला आणि शेवाळलेला असेल तर पाय आधीच घसरतो. आम्ही पडवीत आतून बांबूची परांची बांधली आणि सगळं काम खालून केलं. आधी फवारा, मग थांबायचं, परत फवारा. बोल्टच्या भोवती जास्त, कारण कापताना तिथेच कण सुटतात. नट गंजून बसलेले होते; ते फिरवत बसलं की पत्रा तडकतो, म्हणून बोल्टच कापले. मग दोघांनी परांचीवरून धरून आणि दोघांनी खालून झेलून पत्रा अख्खा उतरवायचा. तीन मीटरचा एक पत्रा चाळीस किलोच्या वर भरतो, आणि ओला झाला की त्याहून जड. टाकायचा नाही, ओढायचा नाही, एकावर एक घासू द्यायचा नाही. उतरला की खालची बाजू परत ओली करून प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचा, चिकटपट्टीनं सगळे सांधे बंद करायचे आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायचं: ॲस्बेस्टॉस, फोडू नये, कापू नये.

डगल्याच्या आत हिवाळ्यातही माणूस घामानं निथळतो. अर्ध्यापाऊण तासानं सगळ्यांना बाजूला घेऊन पाणी पाजायचं असं ठरवलं होतं. पण पाणी प्यायचं तर मास्क काढायला हवा, आणि त्याआधी डगला ओल्या फडक्यानं पुसायला हवा, हात धुवायला हवेत. पहिल्या दिवशी या क्रमाचा सगळ्यांना कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी तो अंगवळणी पडला आणि पुतण्याच इतरांना आठवण करून द्यायला लागला.

फुटलेल्या तुकड्यांचं काम पत्र्यांपेक्षा किचकट होतं. पाखाडीतले, खुराड्यातले, आळ्यांतले तुकडे आधी भिजवून हातमोज्यांनी वेचले आणि जाड पिशव्यांत भरले. पाखाडीतले तुकडे वर्षानुवर्षं पायाखाली येऊन चुरडले होते. तिथली वरची माती थोडी खरवडून तीही पिशवीत घातली आणि वर जांभा पसरला. पन्हळीतला गाळ ओला असतानाच काढला.

काम उरकल्यावर आई परत आल्या आणि सवयीनं खराटा घेऊन अंगणात उतरल्या. मी धावत जाऊन तो हातातून घेतला. त्यांना वाईट वाटलं. घर झाडणं हे त्यांचं अख्ख्या आयुष्याचं काम, आणि सून ते अडवते म्हणजे काय? मी त्यांना बसवून सांगितलं की खाली बसलेला तंतू झाडूनंच परत हवेत उठतो, आणि या जागेला पुढचे काही दिवस फक्त ओलं फडकं. साधा व्हॅक्यूमही नाही, कारण त्याच्या फिल्टरमधून इतके बारीक तंतू आरपार जाऊन उलट घरभर पसरतात. मग आईंनी स्वतः बादली घेतली आणि पडवीचे खांब, कट्टा, झोपाळ्याच्या कड्या सगळं पुसून काढलं. फडकी धुऊन परत वापरायची नाहीत, हे त्यांना पटवायला पुन्हा वेळ लागला.

कपड्यांवर मी फार कडक होते. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या घरी नुसते नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. डगले कामाच्या जागीच उतरवून पिशवीत; मास्क सगळ्यात शेवटी काढायचा; मग आमच्याच न्हाणीघरात आंघोळ आणि धुतलेले कपडे घालून घरी. दत्तारामदादांच्या घरी आमच्या पडवीची धूळ गेली नाही, याचं मला नवीन छपराहून जास्त समाधान आहे.

पत्रे उतरले त्याच संध्याकाळी भाऊकाका आले. त्यांच्या गोठ्याला छप्पर हवं होतं आणि आमचे अर्ध्याहून जास्त पत्रे अख्खे उतरले होते. “टाकूनच देताय ना, मग मला द्या.” वादळाच्या रात्री ज्यांच्या घरी आम्ही सगळे जाऊन बसलो होतो त्या माणसाला नाही म्हणायचं होतं. मी कारण सांगितलं. गोठ्याला बसवताना ते कापावे लागणार, भोकं पाडावी लागणार, आणि आम्ही चार दिवस जे टाळलं ते सगळं त्यांच्या अंगणात होणार. ते नाराज होऊन गेले. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन गोठ्याच्या रंगीत लोखंडी पत्र्यांचा निम्मा खर्च आम्ही देतो म्हणून सांगितलं. घेऊ का नको असं दोन दिवस चाललं, मग त्यांनी घेतला. अशा वेळी नुसता नकार देऊन भागत नाही, असं माझं मत आहे. गरज खरी असते, आणि आपण पत्रा दिला नाही तर माणूस बाजारातून नवा सिमेंटचाच पत्रा आणतो.

आता हे गुंडाळलेले पत्रे न्यायचे कुठे? कुणी म्हणालं वाडीत पुरा, कुणी खाडीच्या काठाला टाका. पुरलेला तंतू मातीत कुजत नाही. उद्या कुणीतरी माडासाठी खड्डा खणणार आणि पहार नेमकी त्यावर बसणार. रायगड जिल्ह्यात तळोज्याला घातक कचऱ्याच्या शास्त्रोक्त विल्हेवाटीचं केंद्र आहे, पण तिथली वाट कारखान्यांसाठी आखलेली. मी ज्या पहिल्या कार्यालयात विचारलं तिथे “घरातला कचरा म्हणजे ग्रामपंचायत” एवढंच उत्तर मिळालं, आणि ग्रामपंचायतीकडे घंटागाडी. शेवटी कामाच्या ओळखीतून परवाना असलेला वाहतूकदार गाठला. गाडीचा खर्च एका घराला झेपणारा नव्हता. वादळातले तुकडे वाडीत सगळ्यांकडेच होते. आणखी दोन घरं तयार झाली, तिन्ही घरांचा माल एकत्र झाला, आणि मधले काही महिने आमचे पत्रे मांगरात फळ्यांवर रचून पडून राहिले. गाडी गेली तेव्हा मिळालेली मॅनिफेस्टची, म्हणजे घातक कचरा कुठून कुठे गेला त्या कागदाची, प्रत मी सातबाऱ्याच्या फायलीत ठेवली आहे.

हा सगळा खटाटोप एका घरानं आपल्या ओळखीवर करायचा, ही व्यवस्था नव्हे. दरवर्षी वादळं येतात, दरवर्षी पत्रे फुटतात. पंचनाम्यात नुकसानीचा आकडा येतो. फुटलेल्या पत्र्यांचं काय करायचं ते त्यात नसतं. तालुक्याच्या ठिकाणी पावसाळ्यानंतर एक गाडी उभी राहिली आणि प्रत्येक घराला प्लॅस्टिक आणि मास्क मिळाले, तरी किती छाती या तंतूपासून वाचतील.

रंगाची गोष्ट वेगळी, आणि मला स्वतःला ती जास्त भीतीदायक वाटते, कारण ती थेट रांगत्या मुलाच्या तोंडाशी जाते.

आमच्या दारंखिडक्या सागवानी, त्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर. सगळ्यात वर पांढरा, त्याखाली पोपटी, त्याखाली पिवळा, गजांवर तळाला लाल प्रायमर. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं दोन-तीन वाटांनी येतं. पिवळा, नारिंगी आणि हिरवा उठून दिसावा म्हणून लेड क्रोमेट, रंग लवकर सुकावा म्हणून शिशाचे क्षार, आणि लोखंडाला गंज धरू नये म्हणून रेड लेड. शेंदूर म्हणतात तेही हेच, शिशाचं ऑक्साइड. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी कायद्यानं ठरली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी लावलेल्या कुठल्याही ऑइलपेंटबद्दल शंका घ्यायलाच हवी.

नमुना मी आडोशाच्या जागेवरून घेतला. जागा ओली करून धारदार पात्यानं लाकडापर्यंतचे सगळे थर एकत्र काढले आणि छोट्या पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवले. नुसता वरचा पापुद्रा पाठवला तर अहवाल साफ येतो, आणि धोका खालीच राहतो. खिडकीच्या नमुन्यात शिसं मर्यादेच्या शेकडो पट निघालं. माजघराच्या दाराचं तेवढं नव्हतं, तरी मर्यादेच्या बरंच वर.

मुलाच्या शरीरात शिसं गेलं तर त्याची सुरक्षित अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मूल रंगाचे पोपडे खातं असं आपल्याला वाटतं, पण खरी वाट धुळीची. खिडकीची झडप रोज चौकटीला घासते, तिथला रंग पीठ होऊन कट्ट्यावर पडतो, मूल कट्टा धरून उभं राहतं आणि हात तोंडात घालतं.

रंगारी दादांची नेहमीची पद्धत म्हणजे ब्लोलॅम्पनं रंग जाळून पत्रीनं खरवडायचा आणि मग कोरड्या पॉलिश पेपरनं घासून लाकूड गुळगुळीत करायचं. यातली एकही पायरी शिशाच्या रंगावर चालत नाही. जाळला की शिशाची वाफ, घासला की शिशाची धूळ. सध्या दापोलीकडे जुन्या घरांचे होमस्टे होताहेत आणि सगळ्यांना सागवान उघडं करून पॉलिश केलेलं हवं असतं. दिसतं सुरेख. पण त्यासाठी सगळे जुने थर पूड होऊन त्याच घरात पसरतात, आणि मे महिन्यात पोरंबाळं तिथे उतरतात. मी आमच्या घरी ते होऊ दिलं नाही. जिथे रंग घट्ट होता तिथे तो ओल्या वॉटर पेपरनं फक्त किंचित खरखरीत केला आणि वर नवा रंग चढवला. शिसं आतच बंद राहिलं. जिथे लाकूड लाकडाला घासतं तिथे, म्हणजे झडपांच्या कडा आणि चौकटींच्या खाचा, तेवढे थर उघड्यावर रिमूव्हरचं जेल लावून ओल्यानंच काढले. खाली प्लॅस्टिक, आणि निघालेला लगदा सुकू न देता पिशवीत. त्या पिशव्याही पुढे पत्र्यांच्याच गाडीतून गेल्या.

रंगारी दादांचा एक हात सतत तंबाखू मळत असतो. ज्या तळव्यावर दिवसभर शिशाचा चिखल, त्याच तळव्यावर तंबाखू आणि चुना, आणि तिथून थेट ओठाखाली. मास्कनं हे थांबत नाही. मी नळाशी साबण आणि ब्रश ठेवला आणि विनंती केली की तंबाखू, विडी, चहा, काहीही घ्यायचं तर आधी नखांपर्यंत हात धुवा. ते हसले, पण धुवत राहिले. “लिंबू कापलं तर झोंबतं तेवढ्यापुरते हात धुवायचो,” असं एकदा म्हणाले. त्यांच्या रक्तातलं शिसं मोजायची आपल्याकडे कुणालाच सवय नाही. त्यांच्या संमतीनं आम्ही ती तपासणी करून दिली. अहवाल त्यांचा आहे, म्हणून इथे सांगत नाही. आता ते दुसऱ्यांच्या कामावरही मास्क घेऊन जातात.

न्हाणीघराची खिडकी कुजली होती, ती बदलली. जुनी चौकट सरपणात जाणार हे उघडच होतं. आमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच्या बंबात तापतं आणि जुनं सागवान छान पेटतं. पण रंगीत लाकूड जाळलं की शिशाचा काही भाग धुरातून न्हाणीघरात, बाकीचा राखेत. आणि ती राख भांड्यांना, केळीला, अळवाला. आप्पांनी वर्षानुवर्षं हेच केलं होतं, आणि त्यांच्या आधीच्यांनीही. मी राखेचं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, मग उठून मांगरात रचलेल्या लाकडांतून रंगाचा मागमूस असलेली प्रत्येक फळी त्यांनी स्वतः वेगळी काढली. मे महिना यायच्या आत माजघरापासून पडवीपर्यंत सगळी जमीन आणि खिडक्यांचे कट्टे साबणाच्या पाण्यानं पुसून, परत साध्या पाण्यानं पुसून झाले.

पडवीवर आता रंगीत लोखंडी पत्रा आहे. सिमेंटचाच हवा असता तर ॲस्बेस्टॉसविरहित पत्राही मिळतो, फक्त दुकानात तो नाव घेऊन मागावा लागतो; नुसतं ‘सिमेंट पत्रा’ म्हटलं की जुनाच हातात येतो. मीटरबोर्डाच्या दाराच्या आत मी एक कागद चिकटवला आहे. मांगराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे, पाडू नये, कापू नये. न्हाणीघरामागचा पाईप तसाच. माजघराच्या आणि ओटीच्या दारांत नव्या रंगाखाली शिशाचा रंग, कोरडा घासू नये. उद्या आम्ही नसताना कुणी वीजवाला किंवा सुतार आला तर त्याला हे कळायला हवं. मांगराच्या पत्र्यांना वरून रंगाचा एक हात द्यायचा राहिला आहे. तंतू सुटू नयेत म्हणून तो चांगला, पण शेवाळ न घासता, ओलं करून मऊ फडक्यानं काढायला लागेल आणि परांची पुन्हा बांधावी लागेल. दत्तारामदादांनी या दिवाळीनंतरचे दिवस दिले आहेत. मास्कचे फिल्टर नवे आणा, एवढं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे.